वेगासचा ज्वालामुखी, चाच्यांची लढाई आणि स्टार ट्रेक: एवढी गर्दी असूनही का मोडलं?

प्रश्न: १९९८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो. तेव्हा लास वेगासला मिराज हॉटेलसमोरचा ज्वालामुखी, ट्रेझर आयलंडची जहाजांची लढाई आणि हिल्टनमधलं, स्टार ट्रेक या अंतराळ-मालिकेवरचं आकर्षण पाहिलं. आता नातवाला तेच दाखवायचं म्हणून चौकशी केली, तर तिन्ही बंद. एवढी गर्दी असताना हे का मोडलं? आणि आमच्या डोक्यातल्या आठवणींपलीकडे यातलं काही जपता येतं का?

उत्तर:

माझं काम राइड आणि शोच्या यंत्रणेचं. हायड्रॉलिक, पंप, कंट्रोल पॅनेल, आणि रात्री पार्क रिकामं झाल्यावरचा मेन्टेनन्स. मुंबईजवळच्या एका पार्कात सुरुवात केली, पुढची बरीच वर्षं अमेरिकेत गेली. त्यामुळे तुम्ही जे फुटपाथवरून पाहिलंत, त्याच्या मागच्या बाजूने मी उत्तर देतो.

तुमच्या प्रश्नातली गर्दी खरी होती. पण त्या गर्दीतून या आकर्षणांना थेट पैसा मिळतच नव्हता. ज्वालामुखीला तिकीट नव्हतं, जहाजांच्या लढाईलाही नव्हतं. हॉटेलच्या हिशेबात त्यांची जागा जाहिरातीच्या फलकाशेजारी होती. फलकासमोर माणसं थांबली म्हणून फलक टिकत नाही. जागेच्या मालकाला त्याच चौरस फुटांतून जास्त पैसे देणारं दुसरं काही सापडलं की फलक उतरतो. वेगासमध्ये पंचवीस-तीस वर्षांत जे झालं त्याच्या मुळाशी हेच आहे. बाकीची कारणं आहेत, पण ती यानंतर येतात.

सुरुवात मिराजपासून करावी लागते. स्टीव्ह विन या हॉटेल-व्यावसायिकाने ते हॉटेल २२ नोव्हेंबर १९८९ रोजी उघडलं. खर्च सुमारे ६३ कोटी डॉलर, त्या काळी डोळे फिरवणारा आकडा. आणि एवढं करून दारात काय ठेवलं, तर एक सरोवर आणि त्यात अंधार पडल्यावर ठरावीक वेळाने पेटणारा कृत्रिम ज्वालामुखी. तोवर स्ट्रिपवर, म्हणजे वेगासच्या मुख्य हॉटेल-रस्त्यावर, लोकांना ओढून घ्यायचे ते निऑनच्या पाट्यांनी. विनने पाटीच्या जागी प्रसंग ठेवला. रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या, माणसं कठड्याला खेटून उभी राहायची. आग नैसर्गिक वायूची होती, आणि त्याचा वास लपवायला पिना कोलाडाचा, म्हणजे अननस-नारळाचा, सुगंध सोडायचे. तुम्हाला तो आठवतोय का, हे मला खरंच जाणून घ्यायला आवडेल. जुन्या पाहुण्यांशी बोलताना माझा अनुभव असा की ज्वाळांची उंची सगळे वेगवेगळी सांगतात, वास मात्र सगळ्यांना एकसारखा आठवतो.

मिराज धो धो चाललं आणि बाकीच्यांनी तोच धडा गिरवला. १९९३ हे वर्ष तर पाहण्यासारखं आहे. ऑगस्टमध्ये सर्कस सर्कस हॉटेलने काचेच्या गुलाबी घुमटाखाली पाच एकरांचं पार्क उघडलं. १५ ऑक्टोबरला लक्सर हॉटेलचा काळा पिरॅमिड उघडला, आत नाईल नदी आणि तिच्यात फिरणाऱ्या होड्या. २७ ऑक्टोबरला ट्रेझर आयलंड. १८ डिसेंबरला ५,००५ खोल्यांचं एमजीएम ग्रँड, आणि मागे ३३ एकरांचं स्वतंत्र थीम पार्क. पाच महिन्यांच्या आत एका रस्त्यावर एवढं सगळं. मुलाबाळांसह येणारं कुटुंब हेच वेगासचं पुढचं गिऱ्हाईक, असा तेव्हा ठाम विश्वास होता.

त्यातली ट्रेझर आयलंडची लढाई मला सगळ्यांत जवळची, कारण तिथली यंत्रणा अफाट होती. उपसागरासारखं तळं, एका बाजूला चाच्यांचं गाव आणि त्यांचं जहाज, दुसरीकडून येणारं ब्रिटिश जहाज. ते खरोखर तरंगत नव्हतं. पाण्याखालच्या रुळांवरून ते पुढे सरकायचं. तोफा, धूर, उंचावरून पाण्यात पडणारे स्टंटमन, आणि शेवटी ब्रिटिश जहाज बुडायचं. कप्तान डेकवर तसाच ताठ उभा, जहाजाबरोबर पाण्याखाली जाणारा. प्रेक्षक टाळ्या वाजवून निघून जायचे आणि आमच्यासारख्यांच्या दृष्टीने खरा खेळ तिथून पुढे सुरू व्हायचा. जहाज बुडवणं सोपं असतं, वजन खाली न्यायचं असतं. पुढच्या शोच्या आत तेच जहाज पाणी निथळत वर आणायचं, रुळांवरून मागे न्यायचं, तोफांचे चार्ज पुन्हा भरायचे, माणसांची सुरक्षा तपासायची, हे एका संध्याकाळी अनेकदा आणि वर्षभर. क्लोरीनच्या पाण्यात बुडणारी हायड्रॉलिक यंत्रणा सांभाळणं म्हणजे सील बदलत राहणं. त्यात वेगासचं पाणी अतिशय जड, जिथे सुकेल तिथे क्षाराचा थर. वारा सुटला की शो रद्द, कारण आग आणि उंचीवर माणसं. कलाकारांचे पगार, विमा आणि सराव हे खर्च वर. आणि हे सगळं फुकट.

शिवाय एक व्यावहारिक अडचण होती, ती प्रेक्षकाला कधी जाणवायची नाही. शो संपला की फुटपाथवरचा लोंढा एकदम सुटायचा. त्यातला काही हॉटेलात शिरायचा, बराचसा पुढच्या हॉटेलकडे चालू लागायचा. म्हणजे खर्च एकाचा आणि पाहुणे शेजाऱ्यांचेही. शेजारचं मिराज त्याच मालकाचं होतं तोवर हे चालून गेलं.

ट्रेझर आयलंडच्या उद्घाटनाची एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच दिवशी रस्त्याच्या त्याच बाजूला थोडं पुढे असलेलं जुनं ड्यून्स हॉटेल सुरुंग लावून पाडलं. आणि ते पाडणं नाट्यमय व्हावं म्हणून ट्रेझर आयलंडच्या जहाजावरून तोफ डागल्याचा देखावा केला. जणू त्या गोळ्यानेच ड्यून्स कोसळलं. नव्या आकर्षणाचा पहिला प्रयोगच जुनं हॉटेल पाडण्याचा होता. तिथल्या प्रत्येक गोष्टीला असा शेवट केव्हातरी येणार, हे त्या शहराने कधी लपवलं नाही.

मग गणित बदललं. १९८०च्या दशकापर्यंत स्ट्रिपवरच्या हॉटेलांचं मुख्य उत्पन्न जुगाराचं होतं. खोली स्वस्त, जेवण स्वस्त, शो स्वस्त किंवा फुकट, कारण माणूस टेबलावर बसला की सगळं वसूल. १९९०च्या दशकाच्या अखेरीस खोल्या, जेवण, दुकानं आणि परिषदांचं उत्पन्न जुगाराच्या पुढे जाऊ लागलं. हे एकदा झालं की दारातली जागा फुकट शोसाठी अडवून ठेवणं हिशेबनिसाला सहन होत नाही. तिथे दुकान बसतं, रेस्टॉरंट बसतं. त्यातच कुटुंबवाला पाहुणा जुगारही कमी खेळतो आणि महागडी मद्याची बाटलीही मागवत नाही, हे ध्यानात आलं. २००३ मध्ये शहराची जाहिरातच उघडपणे प्रौढांना साद घालणारी झाली. त्याच वर्षी ट्रेझर आयलंडच्या चाच्यांची लढाई बंद करून तिथे गाणाऱ्या-नाचणाऱ्या जलपऱ्यांचा शो आणला. २००९ मध्ये हॉटेलचा मालक बदलला. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये तो शोही थांबला आणि दर्शनी भागात दुकानांची इमारत उभी राहिली. जलपऱ्यांचा शो मला कधीच रुचला नाही. तळं तेच, जहाजं तीच, पण लढाईतली सचोटी गेली होती. पहिल्या शोमध्ये प्रेक्षकाला पुन्हा लहान मूल बनण्याची मुभा होती.

एमजीएमचं थीम पार्क मात्र वेगळ्या कारणाने गेलं. ते खरंच चाललं नाही. उघड्यावरचं पार्क, जुलैत चाळीस अंशांच्या वर तापमान, सावली अपुरी, राइड मोजक्या आणि मध्यम. चार-पाच तासांच्या गाडीच्या अंतरावर डिस्नेलँड असताना मुलांना घेऊन इथे कोण येणार? शिवाय हॉटेलच्या जुगाराच्या दालनातून चालत चालत मागे जायचं, तेव्हा कुठे पार्क. काही वर्षांतच त्याचा भाग तोडून जलतरण तलाव आणि परिषद केंद्राला दिला आणि २००० मध्ये ते लोकांसाठी बंद झालं. पुढे त्या जागेवर निवासी मनोरे आले. त्याच्याच वेळचं सर्कस सर्कसचं घुमटातलं पार्क आजही चालतं, आणि माझ्या मते त्यात छप्पर आणि वातानुकूलनाचा वाटा मोठा आहे. वाळवंटात पार्क बांधणाऱ्याने आधी सावलीचा विचार करावा, मग रोलर कोस्टरचा.

एमजीएमच्या कोपऱ्यावरचं प्रवेशद्वार सिंहाच्या उघड्या जबड्यातून होतं, तेही १९९८ च्या सुमारास बदललं. आशियातून येणाऱ्या मोठ्या जुगाऱ्यांना सिंहाच्या तोंडात शिरणं अशुभ वाटतं, असं त्याचं कारण सांगितलं जातं. लक्सरची नाईल नदी तर १९९६ मध्येच बुजली. स्ट्रॅटोस्फियर मनोऱ्याच्या डोक्यावरचा हाय रोलर हा कोस्टर १९९६ ते २००५ चालला. उंचीमुळे नाव झालं, पण राइड म्हणून तो मंद होता, आणि त्याच्या जाण्याचं मला विशेष दुःख नाही.

दुःख आहे ते स्टार ट्रेकचं.

ते जानेवारी १९९८ मध्ये उघडलं, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा नवंकोरं होतं. सुमारे सात कोटी डॉलर खर्चून केलेलं. आधी मालिकेतल्या वस्तूंचं संग्रहालय, मग एका साध्याशा खोलीत रांगा करून उभं राहायचं. समोरच्या टीव्हीवर सुरक्षेच्या नेहमीच्या सूचना. तेवढ्यात चित्र हलतं, दिवे जातात, अंगावर वाऱ्याचा झोत येतो, आणि दिवे लागतात तेव्हा तुम्ही अंतराळयानाच्या ट्रान्सपोर्टर कक्षात उभे. जागचे हललेला नाहीत, पण खोलीच बदलली. लोक किंचाळायचे, हसायचे, आणि मग एकमेकांना विचारायचे, हे झालं कसं?

झालं असं की तुम्ही पहिल्यापासून दुसऱ्याच खोलीत उभे होतात. पहिली खोली म्हणजे त्या मोठ्या कक्षाच्या आत खाली उतरवलेल्या भिंती आणि छत. अंधार झाला की ते सगळं वर उचललं जायचं. वाऱ्याचा झोत आणि आवाज त्या हालचालीवर पांघरूण घालायचे. संगणकाचं चित्र नाही, काही नाही. वजन, तारा, मोटर आणि अचूक वेळ. इतकी मोठी वस्तू माणसांच्या भोवतीने काही क्षणांत उचलायची, अंधारात, आणि कुणाच्या केसालाही धक्का लागू द्यायचा नाही. सेन्सरने सगळं ठीक सांगितल्याशिवाय पुढची पायरी सुरूच होणार नाही, अशी साखळी त्यामागे असावी लागते. माझ्या कामाच्या आयुष्यात याहून सुंदर यांत्रिक कल्पना मी क्वचित पाहिली. पुढचा सिम्युलेटर, म्हणजे पडद्यासोबत हलणारी आसनं, चांगला होता, पण सिम्युलेटर जगात शेकडो आहेत. ती खोली एकच होती.

ते १ सप्टेंबर २००८ रोजी बंद झालं. इथे तिकीट होतं, चाहतेही निष्ठावान होते, मग काय झालं? तिथे एकाच वेळी तीन जणांचं जमावं लागत होतं: पात्रांचे हक्क असणारे, राइड चालवणारी कंपनी, आणि जागेचं मालक हॉटेल. २००६ मध्ये ते चालवणाऱ्या पॅरामाउंटची पार्कं सीडर फेअर कंपनीने घेतली, तेव्हा हेही त्यांच्याकडे गेलं. त्याआधी हॉटेलचा मालकही बदलला होता. हॉटेल मूळ स्ट्रिपपासून बाजूला, सहज चालत येणाऱ्यांचा ओघ कमी. करार पुढे वाढला नाही. शहराच्या जुन्या भागात ते पुन्हा उभारण्याची घोषणा झाली, प्रत्यक्षात काही आलं नाही. ज्या आकर्षणात कथा एकाची, यंत्र दुसऱ्याचं आणि जमीन तिसऱ्याची असते, ते तीनपैकी कोणत्याही एका करारावर मरू शकतं. आज जगभर नवी पार्कं याच पद्धतीने बांधली जात आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

बेलाजिओ हॉटेलसमोरची कारंजी मग का टिकली, असं तुम्ही विचाराल. ती १९९८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, म्हणजे तुम्ही परतल्यावर लगेच, आणि तीही फुकटच. ड्यून्स पाडलं त्याच जमिनीवर आहेत. त्यांच्या सरोवराचं पाणी ड्यून्सच्या जुन्या गोल्फ मैदानासाठी खणलेल्या विहिरींमधून येतं. टिकण्याची कारणं मला अशी दिसतात: त्यात कलाकार लागत नाहीत, त्यात जुनी होणारी कथा नाही, आणि गाणं बदललं की शो नवा होतो. शिवाय खोलीच्या खिडकीतून ती दिसतात, त्यामुळे कारंज्याकडे तोंड असलेल्या खोलीला जास्त भाडं मिळतं. फुकट शोचा खर्च खोलीच्या बिलात वसूल करण्याची ही रीत ज्वालामुखीला तितकीशी साधली नाही.

ज्वालामुखी बाकी दोघांपेक्षा जास्त जगला. २००८ मध्ये अडीच कोटी डॉलर खर्चून, बेलाजिओची कारंजी करणाऱ्या वेट कंपनीकडूनच त्याचं नूतनीकरण झालं. नव्या शोचं संगीत ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडचे ड्रमर मिकी हार्ट आणि आपल्या माहीमच्या झाकीर हुसेन यांचं होतं. वेगासच्या फुटपाथवर उभं राहून आगीच्या तालाबरोबर तो तबला ऐकणाऱ्या किती मराठी माणसांना हे ठाऊक होतं, कुणास ठाऊक. २०२२ च्या अखेरीस हॉटेलचा कारभार हार्ड रॉक कंपनीकडे गेला, १७ जुलै २०२४ रोजी मिराज बंद झालं आणि ज्वालामुखीच्या जागी गिटारच्या आकाराचा हॉटेल मनोरा बांधायला घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाईही गेले.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. जपता येतं, आणि तुम्हीच ते करू शकता.

वस्तू बऱ्याचदा वाचतात. ट्रेझर आयलंडच्या पाटीवरची अवाढव्य कवटी लास वेगासच्या निऑन म्युझियममध्ये आहे. जुन्या हॉटेलांचे नकाशे आणि कागद नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगास ग्रंथालयातल्या विशेष संग्रहात आहेत. हरवतो तो क्रम. रांगेत काय ऐकू यायचं, सूचना देणारा कोणत्या शब्दांत बोलायचा, दिवे गेल्यावर वारा आधी यायचा की आवाज आधी, शो संपल्यावर माणसं कोणत्या बाजूला पांगायची. कोणत्याही आकर्षणाचं अस्तित्व या चालण्यात असतं, आणि बंद पडल्यावर ते फक्त कर्मचाऱ्यांच्या आणि प्रेक्षकांच्या डोक्यात उरतं.

म्हणून पहिलं काम, तुम्ही दोघांनी आपापली आठवण वेगवेगळी लिहून काढा. एकमेकांशी बोलण्याआधी, आणि इंटरनेटवरचे व्हिडिओ बघण्याआधी. राइडवर काही घटना घडली की आम्ही प्रत्येक ऑपरेटरचं निवेदन असंच स्वतंत्र घेतो. चर्चा आधी झाली की सगळ्यांची आठवण एकच होऊन बसते आणि तिची किंमत जाते. दोघांच्या लिखाणात फरक पडला तर तो पुसू नका, दोन्ही ठेवा. तारीख, वेळ, दिवस होता की रात्र, कुठे उभे होतात, सोबत कोण होतं, एवढं जरूर लिहा.

दुसरं, कॅसेट. १९९८ मध्ये जावयाकडे किंवा मुलीकडे हँडीकॅम असणार. त्या छोट्या टेप आता कपाटात असतील. चुंबकीय टेप बुरशीने आणि उष्णतेने खराब होते, आपल्याकडच्या दमट हवेत आणखी लवकर, आणि चालू स्थितीतले प्लेअर दरवर्षी कमी होत आहेत. हे काम यंदाच करा. डिजिटल करून देणाऱ्याला स्पष्ट सांगा की काहीही कापायचं नाही. कॅमेरा जमिनीकडे राहून गेलेली दोन मिनिटं, रांगेतली कंटाळवाणी पाच मिनिटं, हीच माझ्यासारख्याला सोन्यासारखी, कारण शो सगळ्यांनी टिपलाय, रांग कुणीच नाही. आणि लग्नाच्या कॅसेटवर चढवतात तसं वरून गाणं अजिबात चढवू देऊ नका. मूळ आवाज गेला की अर्धा पुरावा गेला.

तिसरं, कागद. तिकिटाचं अर्धुक, नकाशा, हॉटेलचं पत्रक, फोटो धुतल्याची पाकिटं. दोन्ही बाजू स्कॅन करा; मागे पेनाने लिहिलेला हिशेबही उपयोगी असतो, तेव्हाचा जेवणाचा दर त्यातूनच कळतो. लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे महत्त्वाचा कागद म्हटला की लॅमिनेट करायची सवय आहे, पण उष्णतेने थर्मल कागद, म्हणजे पावतीसारखा उष्णतेने छापला जाणारा कागद, काळा पडतो आणि एकदा चिकटलेलं प्लास्टिक परत निघत नाही. आम्लरहित पाकिटात ठेवलं की पुरे.

त्याच कपाटात गोराईच्या एस्सेलवर्ल्डचे फोटोही असतील तर तेही याच वेळी काढा. ते पार्क मिराजच्याच वर्षी, १९८९ मध्ये उघडलं आणि २०२२ मध्ये बंद झालं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ चं, २००८ मध्ये गेलं. वेगासच्या प्रत्येक शोवर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं आहे. आपल्या पार्कांत राइड चालवणाऱ्या, रात्री ग्रीस लावणाऱ्या, सकाळी रिकामी फेरी मारून बघणाऱ्या माणसांशी मात्र फारसं कुणी बोललेलं नाही. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर मोबाइलवर तासभर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. सकाळी पार्क उघडण्याआधी काय काय करायचात, एवढा एकच प्रश्न विचारा, पुढचं ते आपणहून सांगतील.

नातवाला घेऊन जाणारच असाल, तर सर्कस सर्कसचं घुमटातलं पार्क बघा. सीझर्स हॉटेलच्या फोरम शॉप्स या बाजारपेठेत अटलांटिस या दंतकथेतल्या बुडालेल्या नगरीच्या विनाशाचा यांत्रिक पुतळ्यांचा फुकट शो आहे, तो १९९०च्या दशकाचा खरा नमुना. त्याच जागेत अटलांटिसवरची एक राइडही होती, ती २००४ मध्ये गेली, पुतळे टिकले. निऑन म्युझियममध्ये दिवस मावळल्यानंतरची वेळ घ्या आणि कवटी नक्की दाखवा. शोच्या वेळा जाण्याआधी तपासा, आणि बेलाजिओसाठी एक संध्याकाळ जादा राखून ठेवा, कारण वारा जास्त असला की कारंजी बंद ठेवतात.